खोडरबर बाजूला ठेवल्यावर
लेखमाला : हाताला सुचलेलं – लेखांक ६

विषय न ठरवता, समोर काही न मांडता, नुसता हात चालू द्यायचा, हे गेल्या लेखात आपण करून पाहिलं. पहिली काही मिनिटं बरी जातात. मग आतून कुणीतरी बोलायला लागतं : हे काय काढलंय? प्रमाण चुकलंय. तुला कुठे येतं चित्र काढता? हा आतला परीक्षक बोलू लागला की हात आखडतो, आणि पुष्कळ चित्रं तिथेच संपतात. आज त्याच्याविषयी बोलू. त्यासाठी उदाहरण घेऊ रवींद्रनाथ ठाकुरांचं, कारण या परीक्षकाने त्यांनाही बरीच वर्षं अडवून धरलं होतं.

१९०० साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना, रवींद्रनाथांनी जगदीशचंद्र बोसांना एक पत्र लिहिलं. आपण वही घेऊन चित्रं काढायला बसतो आहोत, पण पेन्सिलीपेक्षा खोडरबरच जास्त चालतो आणि त्यातच आपला हात तयार होतो आहे, असा त्याचा आशय. पत्राचा सूर थट्टेचा आहे, पण चित्र काढू पाहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची अडचण त्यात नेमकी आली आहे. त्याच घरात अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ हे पुतणे नामवंत चित्रकार झाले. रवींद्रनाथांच्या हातून मात्र पुढची पंचवीसएक वर्षं चित्रकार म्हणून काही उभं राहिलं नाही.

वाट उघडली ती कवितेच्या वहीत. १९२४ च्या अखेरीस पेरूला निघालेले रवींद्रनाथ आजारपणामुळे अर्जेंटिनात थांबले आणि ब्युनोस आयरेसजवळ सान इसिद्रो इथे लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या पाहुणचारात राहिले. ‘पूरबी’ या संग्रहातल्या कविता तेव्हा लिहिल्या जात होत्या. त्या हस्तलिखिताची पानं जरा निरखून पाहावीत अशी आहेत. नको असलेल्या शब्दावर एक आडवी रेघ मारून कवी पुढे गेलेला नाही. शब्द शाईने गिरवून गिरवून पार बुजवला आहे, त्याचा एक काळा आकार झाला आहे. खालच्या ओळीत आणखी एक शब्द तसाच बुजवलेला. मग या दोन काळ्या आकारांना जोडणारी एक वळणदार रेघ येते. तिला कुठे चोच फुटते, कुठे डोळा, कुठे कुठल्याच प्राणिशास्त्रात नसलेल्या जनावराची मान. आणि या सगळ्याच्या मधून, कवीने राखलेल्या ओळी शांतपणे वाट काढत जातात. हस्तलिखितातली खाडाखोड आपल्याला उद्धारासाठी हाका मारायची आणि तिला लयीत आणल्याशिवाय आपल्याला राहवत नसे, असं रवींद्रनाथांनी पुढे स्वतःच्या चित्रांविषयी लिहिताना म्हटलं.

ओकाम्पोंना या पानांतला चित्रकार दिसला. १९२८ च्या सुमारास रवींद्रनाथ स्वतंत्र चित्रं काढू लागले. १९३० च्या मे महिन्यात पॅरिसच्या पिगाल गॅलरीत त्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं, तेही ओकाम्पोंच्या खटपटीमुळे. तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. १९४१ साली निधन होईपर्यंत त्यांच्या नावावर दोन हजारांहून अधिक चित्रं जमा झाली. बहुतेक चित्रांना त्यांनी नावही दिलं नाही.

मग १९०० आणि १९२४ मध्ये फरक कशाचा? परीक्षक तर दोन्हीकडे होता. ‘पूरबी’च्या वहीत तो फार कडक आहे, ओळीमागून ओळी कापतो आहे. पण तो कवितेचा परीक्षक आहे. त्याने केलेली खूण पानावर पडली की तिच्याकडे बघणारी नजर वेगळा प्रश्न विचारते. ‘हे बरोबर आहे का?’ असं ती विचारत नाही. ‘ही रेघ आता कुठे जाऊ पाहते?’ एवढंच विचारते. पहिल्या प्रश्नाने खोडरबर हातात येतो. दुसऱ्याने पुढची रेघ येते. माझ्या मते मनातून चित्र काढण्याचं सगळं मर्म या प्रश्न बदलण्यात आहे.

याला कारणही आहे. ‘चुकलं’ म्हणायला समोर मूळ वस्तू लागते. तांब्या समोर ठेवला असेल तर त्याचा गळा रुंद झाला हे दाखवता येतं. मनातून येणाऱ्या चित्राला मूळ वस्तूच नसते. त्यातली एकटी रेघ चांगली की वाईट हे तिच्या शेजारी दुसऱ्या दहा रेघा येईपर्यंत ठरत नाही. जर्मन कवी शिलरने १७८८ मध्ये, आपल्याला काही सुचत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या मित्राला हेच कळवलं होतं : एखादी कल्पना एकटी पाहिली तर क्षुल्लक वाटेल, पण मागून येणारीच्या संगतीत तिला मोल येऊ शकतं, बुद्धीने तिला दारातच अडवू नये. सगळ्या आत आल्यावर खुशाल पारख करावी.

आपल्यातला परीक्षक बहुधा शाळेत तयार होतो. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांच्या हाती पहिल्यांदा नीट कागद-रंग दिले, नजरेला मापाची सवय लावली. ते ऋण मोठं आहे. पण स्थिरचित्राला लावायची मापं आपण पुढे प्रत्येक रेघेला लावत बसतो. मोठ्या माणसांना शिकवताना हे हातात स्पष्ट दिसतं. पेन्सिल टोकाजवळ घट्ट धरलेली असते, मनगट कागदाला चिकटलेलं असतं. एक सलग रेघ ओढण्याऐवजी बोटभर लांबीच्या जागेत दहा-बारा आखूड, केसाळ रेघा येतात, म्हणजे त्यातली एखादी तरी बरोबर निघेल. त्या रेघेत भीती दिसते. पेन्सिल चार बोटं मागे धरा आणि मनगट उचलून कोपरातून हात फिरवा, एवढं सांगितलं तरी रेघ मोकळी होते. मनाला समजावण्याआधी हाताला सोडवणं सोपं असतं.

विज्ञानानेही या मोकळेपणात डोकावून पाहिलं आहे. चार्ल्स लिम आणि ॲलन ब्राउन या अमेरिकी संशोधकांनी २००८ मध्ये ६ व्यावसायिक जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात झोपवून, ३५ पट्ट्यांच्या छोट्या कीबोर्डवर वाजवायला लावलं. पाठ केलेलं वाजवण्यापेक्षा तिथल्या तिथे सुचलेलं वाजवताना, स्वतःवर देखरेख ठेवण्याशी जोडला जाणारा मेंदूचा पुढचा, बाजूचा भाग मंदावलेला दिसला. मधला, स्वतःचं काही सांगण्याशी जोडला जाणारा भाग अधिक सक्रिय होता. सहाच माणसांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण ते सहाही जण मुरलेले वादक होते, हे विसरता कामा नये. रवींद्रनाथांच्या हातातही अर्धशतकाच्या कवितेची लय होती. म्हणून मनातून काढणं म्हणजे काहीही न शिकता काढणं, असा समज करून घेऊ नका. आपले गवई पहाटे पलटे घोटताना प्रत्येक सुराची झाडाझडती घेतात, आणि मैफलीत तेच सूर सुटून येतात. पारख रियाजात हवी, सुचण्याच्या क्षणी नको.

आता या आठवड्याचा अभ्यास. पेन्सिल नको, शाईचं पेन घ्या. एखादी जुनी, लिहिलेली, खाडाखोड केलेली वही उघडा. हिशेबाची असली तरी चालेल. खोडलेल्या दोन जागा निवडून त्या काळ्या करा आणि एका सलग रेघेने जोडा. थांबावंसं वाटलं तर कागद फिरवा आणि उलट्या बाजूने पाहा. आतल्या परीक्षकाचा आवाज आला तर त्याच्याशी वाद घालू नका. तो काय म्हणतो ते समासात लिहून ठेवा आणि रेघ पुढे न्या. पान भरलं की तारीख टाकून वही मिटा आणि आठवडाभर उघडू नका. आठ दिवसांनी परीक्षकाला जरूर बोलवा. तेव्हा त्याच्यासमोर पूर्ण चित्र असेल आणि समासातली त्याचीच शेरेबाजीही. त्यातली किती खरी होती, हे तुमचं तुम्हालाच कळेल. पुढच्या लेखात चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकाच्या निमित्ताने, कागद कोराच असतो तेव्हा काय करायचं, ते पाहू.

तोवर एवढं करा : निदान एक पान खोडरबराशिवाय पूर्ण करा. ते चांगलं यायलाच हवं, असं नाही. पूर्ण मात्र व्हायला हवं.