चार्जिंग आणि बाजारपेठ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातील तिसगाव हे करंजी घाटाच्या पुढे, कल्याण–निर्मल राष्ट्रीय महामार्गावर (क्रमांक ६१) वसलेले बाजारपेठेचे गाव असून, आसपासच्या खेड्यांतून खरेदीला येणारे ग्राहक, नगर–पाथर्डी मार्गावरील प्रवासी आणि मढीच्या कानिफनाथांच्या किंवा मोहट्याच्या देवीच्या दर्शनाला निघालेले भाविक असे तीन प्रकारचे लोक तेथून ये-जा करतात. राज्याच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणाने २,५०० चार्जिंग स्थानकांचे लक्ष्य ठेवताना मुंबई-पुण्यासह सात शहरे आणि चार प्रमुख मार्ग विचारात घेतले होते, व त्या मार्गांत कल्याण–निर्मल मार्ग नव्हता. २०२५ च्या धोरणात मात्र महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय असावी असे उद्दिष्ट आल्याने, शहरी समजला जाणारा हा विषय अशा गावांच्या दुकानदारांपर्यंत पोहोचला आहे. त्याबद्दलचे काही रूढ समज पुढे तपासले आहेत.

गैरसमज १ : दुकानासमोर चार्जर लावून पैसे घेणे म्हणजे वीज विकणे, आणि त्यासाठी परवाना लागतो.

वस्तुस्थिती : केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले की, वाहनाची बॅटरी भरून देणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे, त्यामुळे विद्युत कायदा, २००३ खालील परवाना त्यासाठी लागत नाही. मात्र परवाना नको याचा अर्थ नियम नाहीत असा होत नाही. स्वतःचे वाहन आपल्याच जागेत भरणाऱ्या ग्राहकाला त्या जागेचा घरगुती किंवा वाणिज्यिक दर लागू राहतो. इतरांना सेवा देणाऱ्या स्थानकांसाठी राज्य विद्युत नियामक आयोगाने २०१८ मध्येच दराची वेगळी वर्गवारी केली आहे, आणि अर्थिंग व गळतीचा प्रवाह तोडणारे संरक्षक स्विच यांबाबतची सुरक्षिततेची अटही पाळावी लागते.

गैरसमज २ : चार्जिंगसाठी अवाढव्य यंत्र आणि स्वतंत्र रोहित्र हवेच.

वस्तुस्थिती : वीजवाहिनीतून येतो तो प्रत्यावर्ती प्रवाह आणि बॅटरीत साठतो तो दिष्ट प्रवाह असल्याने एकाचे दुसऱ्यात रूपांतर करावे लागते. हे काम वाहनातील किंवा वाहनासोबतच्या छोट्या चार्जरने केले तर ते मंद चार्जिंग, आणि स्थानकातील मोठ्या यंत्राने करून दिष्ट प्रवाह थेट बॅटरीला दिला तर ते जलद चार्जिंग होय. स्कूटरचा सर्वसाधारण चार्जर सुमारे ७५० वॉट घेतो, म्हणजे त्याचा भार एखाद्या इस्त्रीएवढा असतो, मोटारीसाठीचा ७.४ किलोवॉटचा मंद चार्जर दहा अश्वशक्तीच्या पिठाच्या गिरणीइतका भार टाकतो, आणि असा भार ग्रामीण बाजारपेठेला मुळीच नवा नाही. रोहित्राचा प्रश्न खऱ्या अर्थाने उद्भवतो तो अनेक जलद चार्जर एकत्र बसवताना.

गैरसमज ३ : चार्जिंग रात्रीच स्वस्त पडते, म्हणून दिवसा चालणाऱ्या दुकानाला त्याचा उपयोग नाही.

वस्तुस्थिती : सौरऊर्जेचे उत्पादन वाढल्याने दिवसा विजेची उपलब्धता वाढली आहे. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत, चार्जिंग स्थानकाला मिळणाऱ्या विजेचा दर पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट ठेवण्याचे सुचवले आहे. प्रत्यक्ष दर राज्याचा आयोग ठरवत असला, तरी बाजाराची वेळ आणि स्वस्त विजेची वेळ एकमेकींच्या जवळ येत आहेत, हे यातून दिसते.

गैरसमज ४ : चार्जर बसवला की गिऱ्हाईक दुप्पट होते.

वस्तुस्थिती : अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील ४,००० हून अधिक स्थानके आणि सुमारे १,४०,००० व्यवसाय यांच्या माहितीवर आधारलेल्या, २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नव्या स्थानकाजवळच्या व्यवसायांतील ग्राहकांचा खर्च २०१९ मध्ये १.४ टक्के, तर जानेवारी २०२१ ते जून २०२३ या काळात ०.८ टक्के वाढल्याचे आढळले. ही वाढ खरी, पण माफक आहे. शिवाय जेथे मोटारी पुष्कळ आहेत तेथील हा आकडा, दुचाकींचे प्रमाण मोठे असलेल्या तिसगावला जसाच्या तसा लावणे चुकीचे ठरेल. त्यातून घ्यायचे ते एवढेच की, लाभ चार्जरच्या मालकापुरता न राहता शेजारच्या दुकानांनाही मिळतो, आणि म्हणून खर्चही काही दुकानदारांनी मिळून करणे तर्काला धरून आहे.

गैरसमज ५ : चार्जर जितका वेगवान, तितका धंदा अधिक.

वस्तुस्थिती : चार्जरचा वेग ग्राहकाच्या थांबण्याशी जुळला तरच त्याचा उपयोग होतो. एक किलोवॉटचे उपकरण तासभर चालल्यास एक युनिट वीज लागते, या हिशेबाने ३० किलोवॉटचा जलद चार्जर अर्ध्या तासात सुमारे १५ युनिट देतो. त्यावर मोटार नव्वद-शंभर किलोमीटर जाऊ शकते, आणि जेवणासाठी थांबलेल्या प्रवाशाला तेवढे पुरते. बाजारहाट करण्यात दोन तास घालवणाऱ्या दुचाकीस्वाराची तीन युनिटांची बॅटरी मात्र साध्या जोडणीवरही जवळपास निम्मी भरते, आणि स्कूटर तिच्या स्वतःच्या चार्जरच्या क्षमतेपलीकडे वीज घेऊ शकत नसल्याने, अशा ग्राहकासाठी महाग यंत्र निरुपयोगी ठरते. मढीची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत आणि मोहट्याची गर्दी नवरात्रात असते. त्या दिवसांची रांग पाहून मोठी गुंतवणूक केल्यास उरलेले महिने यंत्र रिकामे राहील, म्हणून वर्षभर रोज येणारा ग्राहक किती वेळ थांबतो हे मोजूनच हॉटेलने जलद आणि किराणा दुकानाने मंद चार्जर निवडणे हिताचे आहे.