काबूलची मुलं आणि चार चाकांची फळी

युद्धाच्या सावलीत वाढणाऱ्या मुलांनी खेळायचं कुठं? काबूल शहरात या प्रश्नाचं पहिलं उत्तर सापडलं ते एका आटलेल्या कारंज्यात.

2007 साली ऑलिव्हर पर्कोविच हा ऑस्ट्रेलियन तरुण तीन स्केटबोर्ड घेऊन काबूलला आला. रशियन काळात उभ्या राहिलेल्या मकरोयान वसाहतीत सिमेंटचं एक जुनं कारंजं होतं. पाणी नाही, गाड्यांची वर्दळ नाही. तिथं तो स्केटबोर्ड चालवू लागला आणि मुलांचा घोळका जमला. त्यात शाळेत जाणारी होती, तशीच रस्त्यावर किरकोळ वस्तू विकणारीही होती.

मुलीही पुढं आल्या. मुलीनं सायकल चालवणं तिथं अनेक घरांना रुचत नव्हतं. पतंग तर मुलांचाच मानला जाई. पण ही चाकांची फळी इतकी नवी होती की, ती मुलींनी वापरू नये असा दंडक घालायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

अडचण आली ती वयाची. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिनं उघड्यावर, परक्या पुरुषांसमोर खेळू नये, असं बहुतेक घरांचं म्हणणं होतं. म्हणजे कारंजं पुरेसं नव्हतं. भिंती हव्या होत्या, छप्पर हवं होतं. अफगाणिस्तानच्या राष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं जागा दिली आणि 2009 मध्ये ‘स्केटिस्तान’ या संस्थेचं बंदिस्त सभागृह सुरू झालं.

या जागेची मांडणी आईबापांनी विचारपूर्वक वाचावी अशी होती. मुलींचे वर्ग वेगळे. शिकवायला स्त्रियाच. घरापासून ने-आण करायला गाडी. डोक्याला हेल्मेट, गुडघ्या-कोपरांना पॅड. शिवाय नुसता खेळ नाही, त्याला वर्गातल्या शिक्षणाची जोड. शाळा सुटलेल्या मुलांना पुन्हा शाळेत बसवण्यासाठी वेगळा अभ्यासक्रमही होता. घरच्यांचा आक्षेप ज्या ज्या गोष्टीला होता, तिची सोय आधीच केलेली. त्यामुळं ‘नको’ म्हणणारे अब्बाही ‘जा’ म्हणू शकले. पुढं 2013 मध्ये मझार-ए-शरीफलाही असं केंद्र उघडलं.

धोका मात्र भिंतींबाहेर कायम होता. सप्टेंबर 2012 मध्ये काबूलमध्ये झालेल्या आत्मघाती स्फोटात रस्त्यावर वस्तू विकणारी मुलं मारली गेली. त्यांत स्केटिस्तानची मुलंही होती.

या मुलींवरच्या लघुमाहितीपटाला 2020 साली ऑस्कर मिळालं. त्यानंतर दीड वर्षात, ऑगस्ट 2021 मध्ये सत्ता बदलली आणि सहावीपुढच्या मुलींना शाळेचे दरवाजे बंद झाले.

आपल्या मोहल्ल्यातही मुली एका वयानंतर मैदानावर दिसत नाहीत. घरचे पाठवत नाहीत, असं म्हणून आपण विषय संपवतो. मैदानाला कुंपण आहे का? स्वच्छतागृह आहे का? मुलींसाठी ठरलेली वेळ आणि शिकवायला बाई आहे का? परत येताना रस्त्यावर दिवे लागलेले असतात का? नगरसेवकाकडं, शाळेच्या आणि जमातीच्या विश्वस्तांकडं या गोष्टी मागता येतात. घरातल्या मुलीला विचारण्याआधी हे प्रश्न त्यांना विचारायला हवेत.