खरी गिनी, खोटी गिनी

श्रोतेहो, फैजपूर, सावदा, रावेर या आपल्या पट्ट्यात घराची वाटणी निघाली, किंवा लेकीच्या लग्नाला पैसा कमी पडला, की आजीची पेटी उघडते आणि पुष्कळदा तिच्यातून एखादी गिनी निघते. मग प्रश्न पडतो, ही खरी की खोटी? जळगावच्या सराफ बाजारात जाण्याआधी घरच्या घरी किंवा गावच्या शाळेत यातलं किती कळू शकतं, ते आज पाहू.

आपण जिला गिनी म्हणतो ती खरं म्हणजे गिनी नव्हेच. विलायतेत गिनी नावाचं नाणं 1814 सालीच पाडायचं थांबलं. आपल्याकडे आहे तो सॉव्हरिन, म्हणजे सोन्याचा पौंड. 1899 च्या कायद्याने तो हिंदुस्थानात 15 रुपयांना चलनात धरला गेला, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1918 मध्ये, तो खुद्द मुंबईच्या टांकसाळीतही पाडला गेला. या मुंबईच्या नाण्यावर घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर बारीक रोमन अक्षर ‘आय’ असतं. भिंगाने पाहावं. एका बाजूला राजा किंवा राणी, दुसरीकडे अजगराला मारणारा घोडेस्वार, हा नेहमीचा छाप. मात्र व्हिक्टोरिया राणीच्या काही जुन्या नाण्यांवर घोडेस्वाराऐवजी ढाल असते. घोडा नाही म्हणून ते नाणं खोटं ठरवू नये.

आता मुख्य गोष्ट. नाण्याचं वजन आणि आकार ही दोन्ही मापं एकाच वेळी पाहायची. सॉव्हरिनचं वजन 7.99 ग्रॅम, रुंदी 22 मिलिमीटर, जाडी दीड मिलिमीटर. जुन्या मापाने हे वजन आठ मासे पावणेदोन गुंजा होतं. (हा हिशेब 11.66 ग्रॅमच्या जुन्या तोळ्याचा. आज सराफ 10 ग्रॅमला तोळा म्हणतात, त्यामुळे आजीचा तोळा आणि दुकानातला तोळा जुळत नाहीत आणि घरात उगीच संशय शिरतो.) सोनं फार जड. तेवढ्याच आकाराचं पितळेचं नाणं केलं तर ते चार ग्रॅमसुद्धा भरत नाही. शिशाचं केलं तर पाच ग्रॅमच्या आसपास. पितळेत वजन पुरं करायचं म्हटलं तर जाडी दुपटीहून जास्त होते. म्हणजे खोटं करणाऱ्याला वजन साधलं तर आकार बिघडतो, आणि आकार साधला तर वजन पडतं. नुसतं वजन करून समाधान मानणारा माणूस इथेच फसतो.

गिनीला माळेसाठी कडी जोडलेली असेल तर वजन वाढतं, आणि नाणं वाजवलं तर बद्द आवाज येतो. एरवी खरं नाणं खणखणीत वाजतं, पण कडीमुळे खरंही बद्द वाजेल. वापराने झिजलेलं नाणं थोडं हलकं भरणारच. चलनातल्या सॉव्हरिनला जुन्या कायद्याने 7.94 ग्रॅमपर्यंत सूट होती.

शिक्षकांनी हा प्रयोग शाळेत जरूर करून दाखवावा. आर्किमिडीजचं तत्त्व मुलं पाठ करतात, त्याचा उपयोग इथे आहे. नाणं बारीक दोऱ्याने तराजूला टांगून वजन घ्यावं, मग तसंच पाण्यात बुडवून पुन्हा घ्यावं. ते भांड्याच्या तळाला टेकू नये, अंगाला बुडबुडे चिकटू नयेत. खऱ्या सॉव्हरिनचं वजन पाण्यात साधारण 0.45 ग्रॅम घटतं. 7.99 ला 0.45 ने भागलं की पावणेअठराच्या आसपास येतं. पितळेचा हाच आकडा साडेआठच्या जवळ, चांदीचा साडेदहा. तराजू मात्र ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा हवा.

सराफाची कसोटी आणि तेजाब नाण्याचा वरचा थर सांगतात. हल्लीचं क्ष-किरणांचं यंत्रही मुख्यतः वरचाच थर वाचतं. मुलामा जाड असला तर दोन्ही चकतात, म्हणून कस पाहिला तरी वजन-आकार सोडू नये. याला अपवाद टंगस्टनचा. या धातूचं वजन सोन्याइतकंच असतं. पण तो कडक आणि ठिसूळ, त्यावर बारीक छाप उठवणं कठीण.

पुतळीची गोष्ट वेगळी. ती मुळात व्हेनिसचं नाणं, साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोनं. आपल्याकडे तिच्या नकला पुष्कळ झाल्या. व्हेनिसच्या राज्यकर्त्याच्या आणि संताच्या मूर्तींना आपल्या लोकांनी राम-सीता मानलं, आणि लॅटिन अक्षरांच्या जागी अर्थ नसलेल्या रेघोट्या आल्या. पण नक्कल म्हणजे सोनं खोटं असं नाही. कित्येक देशी पुतळ्या उत्तम सोन्याच्या आहेत.

आता शेवटची आणि सगळ्यांत महाग पडणारी फसवणूक. एखादा अनोळखी मजूर येतो. घराचा पाया खणताना हंडा सापडला म्हणतो, दबक्या आवाजात बोलतो, आणि एक नाणं देतो: “दाखवून आणा सराफाला.” सराफ सांगतो, खरं आहे. ते खरंच असतं! फसवणूक त्या नाण्यात नाही, पुढच्या पिशवीत आहे. तिच्यात पितळ भरलेलं असतं आणि व्यवहार अंधारात, घाईने उरकला जातो. पिशवीतलं प्रत्येक नाणं दुकानाच्या तराजूवर टाकू असं म्हणून पाहा. विकणारा बहुधा उठून जाईल. शिवाय जमिनीत सापडलेलं, 10 रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन असेल, तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. म्हणजे हंडा खरा निघाला तरी तो असा गुपचूप विकण्याचा हक्क त्या माणसाला नाही.