पुन्हा रणगाडे!

कित्येक वर्षांनी वर्ध्यातल्या नालवाडीच्या घरी १:३५ प्रमाणाचे मॉडेल रणगाडे पुन्हा जोडायला घेतलेत. पहिला मान सेंच्युरियनचा! १९६५ च्या भारत-पाक युद्धात लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांनी याच प्रकारच्या रणगाड्यातून पूना हॉर्स रेजिमेंटचं नेतृत्व केलं. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. खरे रणगाडे जवळून बघायचे तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय गाठाच. पोलादाचा खरबरीतपणा फोटोत कळत नाही.

माळ्यावरचं जुनं किट काढताय? डिकॅल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची चिन्हं) पिवळे पडले असतील तर खिडकीच्या काचेला लावून काही दिवस ऊन दाखवा. पाण्यात सोडण्याआधी वरून क्लिअर वार्निश मारा, नाहीतर तुकडे होतात. आणि आपल्या वर्ध्याच्या उन्हाळ्यात अ‍ॅक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो, तेव्हा रंग वाळणं लांबवणाऱ्या रिटार्डरचे थेंब हवेतच. मी तर रंगकाम पहाटेच उरकतो.