'समाधान' या शब्दाचे मापन : अहेरीच्या भाषास्थितीच्या संदर्भात

परिचर्या-शिक्षणाविषयी विद्यार्थिनींचे समाधान मोजण्याची रूढ पद्धती प्रश्नावलीची होय. अध्यापन, रुग्णालयातील प्रात्यक्षिक, वसतिगृह, ग्रंथालय या प्रत्येक अंगाविषयी 'पूर्ण असमाधानी'पासून 'पूर्ण समाधानी'पर्यंतच्या पाच श्रेण्यांपैकी एकीवर खूण करावयाची असते. या श्रेणीपद्धतीचे मूळ रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ साली मांडलेल्या अभिवृत्तिमापनात आहे. ती मराठीत आणताना मात्र एक भाषिक अडचण उद्भवते.

मराठीत 'समाधान' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. 'मिळाले त्यात समाधान मानावे' या प्रयोगात तो अपेक्षा आवरण्याचा मनोधर्म होय. 'शंकासमाधान' या समासात मात्र तो शंकेचे निरसन दर्शवितो. पहिल्या अर्थी समाधान हा सद्गुण ठरतो. त्यामुळे 'असमाधानी' या रकान्यात खूण करणे म्हणजे अभ्यासक्रमातील उणीव दाखविणे नसून स्वतःच्या स्वभावातील उणीव मान्य करणे होय, असे उत्तर देणारीस वाटण्याचा संभव असतो.

गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी तालुक्यात ही अडचण अधिकच गुंतागुंतीची होते. तेलंगणाच्या सीमेलगतच्या या प्रदेशात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि माडिया कानी पडतात. मराठी आर्यकुलातील, तर उरलेल्या द्राविडी कुलातील. घरी माडिया बोलणारी मुलगी शाळेत मराठी शिकते आणि परिचर्येच्या वर्गात इंग्रजी संज्ञांना सामोरी जाते. पुढे रुग्णालयात वृद्ध रुग्णाने माडियात सांगितलेले दुखणे तिने मराठीत डॉक्टरांना सांगावयाचे व केसपेपरावर इंग्रजीत नोंदवावयाचे असते. हे भाषांतर चुकले, तर उपचारही चुकतो. तथापि उपरोक्त अंगांत भाषेचा समावेशच नाही! वसतिगृह व भोजन यांविषयी समाधान मानणाऱ्या विद्यार्थिनीच्या शंकांचे समाधान झाले किंवा कसे, हे त्यावरून कळत नाही.

म्हणून प्रश्न मनःस्थितीविषयी न विचारता घटनेविषयी विचारणे श्रेयस्कर. 'गेल्या आठवड्यात विचारलेल्या शंकेचे उत्तर मिळाले काय? ते कोणत्या भाषेत मिळाले?' 'औषध केव्हा घ्यावयाचे हे रुग्णास कळले, याची खात्री कशी केली?' अशा प्रश्नांना उत्तर देताना कृतघ्नतेचा दोष येत नाही. ते विद्यार्थिनीच्या घरच्या भाषेत तोंडी विचारले गेल्यास उत्तर अधिक मोकळे मिळेल. शिवाय माडिया किंवा गोंडी जाणणे ही उणीव नसून रुग्णसेवेतील पात्रता आहे, ही गोष्ट अभ्यासक्रमाच्याही ध्यानी येईल.