बिननावाचा कॅमेरा सापडला? आधी उघडू नका!

दिवाळीत बिद्रीला आजीच्या ट्रंकेत आजोबांचा कॅमेरा सापडला. पुढची नावाची पट्टी गळालेली. आत काही छापलेलं असेल म्हणून झाकण उघडणार, तेवढ्यात मागच्या लाल खिडकीत ७ आकडा दिसला. म्हणजे आत रोल होता! उघडलं असतं तर उजेड लागून आजोबांचे फोटो गेले असते.

तर पहिला नियम: लाल खिडकी बघा. तो आकडा फिल्मच्या पाठीवरच्या कागदावर असतो. दिसला तर हळूहळू शेवटपर्यंत गुंडाळा, मगच सावलीत उघडा.

मग मोजमाप. फिल्म साधारण ६ सेंमी रुंद असेल तर १२० किंवा ६२०. फिल्म तीच, फक्त ६२० चं रीळ बारीक. ६२० कोडॅकने १९९५ मध्ये बंद केली. १२० आजही मिळते.

आमचं रीळ १२० चं, ६×६ चे १२ फोटो, लेन्सपाशी ऊन-ढगाची चित्रं, आत 'मेड इन इंडिया'. म्हणजे बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजचा आग्फा क्लिक-३. त्याच घरातल्या आयसोलीवर ४×४ चे १६ फोटो निघतात, म्हणून तो नाही.

रोल धुवायला दिलाय. नाव कळल्याचं आजीला काही नाही. ती रोज विचारते, "फोटोत कोण हाय रं?"