जीपच्या टपावरील जादा दिवे
वसई-विरार परिसरात तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या कच्च्या वाटांवर रात्री जीप चालविणाऱ्यास टपावर घरी तयार केलेली दिव्यांची पट्टी बसवावीशी वाटणे स्वाभाविक आहे. १२० वॅटची पट्टी १२ व्होल्टवर १० अँपिअर प्रवाह घेते. म्हणून पुरेशा जाडीची तार, बॅटरीलगत १५ अँपिअरचा फ्यूज आणि रिले आवश्यक ठरतात. अन्यथा तार तापून आग लागण्याचा संभव असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १११ अन्वये वाहनाच्या पुढील बाजूस झोताचा दिवा अपवादात्मक परिस्थितीत, नोंदणी प्राधिकाऱ्याच्या पूर्वमान्यतेनेच लावता येतो. उंचावरील झोताने समोरच्या चालकाचे डोळे दिपतात व रस्त्याकडेचा पादचारी त्यास दिसत नाही. म्हणून मान्यताप्राप्त पट्टीही सार्वजनिक रस्त्यावर बंद व झाकलेली ठेवणे इष्ट होय.